धोंडीरामचा आवाज आणि मतदारसंघाची हद्द

संपादकांनी फोन करून सांगितलं, "उत्तमराव, तुम्ही इतकी वर्षं प्रचाराच्या गाडीत माइकवर बोललात, त्याबद्दल लिहा. फक्त तुमच्या कामाबद्दल लिहा." मी होकार दिला. लिहायला बसलो, तर पहिलं नाव आलं ते धोंडीरामचं. ते खोडलं आणि आमच्या भागातल्या निवडणुकांवर सुरुवात केली, तरी तिसऱ्या ओळीत तो आलाच. शेवटी म्हटलं, येऊ दे. तीस-पस्तीस वर्षं तो माझ्या डोक्यात बसून आहे, लेखातून त्याला कुठं हाकलणार?

आधी आमचं काम काय ते सांगतो, कारण आताच्या मुलांना ते ठाऊक नसतं. निवडणूक लागली की उमेदवार जीप किंवा रिक्षा लावतो. तिच्या टपावर दोन कर्णे, एक पुढं तोंड केलेला, एक मागं. आत अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरी आणि माइक धरून बसलेला माणूस. तो माणूस म्हणजे आम्ही. बाकीच्या वर्षात आम्ही जत्रेची जाहिरात करतो, तमाशाचा तंबू आला की ओरडतो, पाणी कधी सुटणार ते सांगतो. पण आमचा खरा हंगाम मतदानाचा. काचेवर परवान्याचा कागद चिकटवायचा, त्यात गाडीचा नंबर आणि मतदारसंघाचं नाव असतं. त्या मतदारसंघाच्या हद्दीत बोलायचं. हद्द संपली की माइक बंद.

लोकांना वाटतं, घसा मोठा असला की झालं. तसं नाही. चालत्या गाडीतून लांब वाक्य टाकलं तर अर्धं एका गल्लीत पडतं आणि अर्धं दुसऱ्या गल्लीत, कुणालाच पूर्ण कळत नाही. वाक्य चार शब्दांचं हवं. मग थांबायचं, वाऱ्याला ते नेऊ द्यायचं. उमेदवाराचं नाव एकदा, चिन्ह तीनदा, कारण मशीनवर लोक चिन्ह शोधतात. शाळा आली की गप्प. ज्या घरी मयत झाली आहे त्या गल्लीत तर शिरायचंच नाही, तिथं माइक लावला तर त्या भावकीची मतं गेलीच. आणि बायका पाण्यावर असतात तेव्हा गाडी हळू घ्यायची.

हे सगळं मी धोंडीरामच्या आधी शिकलो. आमची दोन गावं शेजारी, मध्ये एक ओढा. माझं देवखडकी, त्याचं सावरदरा. (नावं बदलली आहेत. पक्ष आणि उमेदवार तर लिहिणारच नाही, मला याच तालुक्यात राहायचं आहे.) शाळा दोघांची एकच. मी स्पष्ट बोलायचो, मास्तर मला वर्तमानपत्र वाचायला उभं करायचे. धोंडीराम मागच्या बाकावर. पहिल्यांदा गाडीत मीच बसलो, दुसऱ्या निवडणुकीला विरोधकाचीही गाडी निघाली म्हणून मीच त्याला तिथं घेऊन गेलो. त्यानं माइक हातात घेतला, जरा हसला आणि म्हणाला, "सावरदऱ्याच्या मावश्यांनो, धुनं जरा बाजूला ठेवा."

एवढंच. आणि मावश्यांनी खरंच धुणं बाजूला ठेवलं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला औषध नाही. त्याच्या आवाजाचं वर्णन मला करवत नाही, कारण केलं तर कौतुकच होईल. एवढंच सांगतो की मी बोललो की लोक "कुणाची गाडी?" असं विचारायचे आणि तो बोलला की "धोंडीराम आला" म्हणायचे. मी ज्येष्ठमध चघळायचो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचो, बर्फाला कधी शिवलो नाही. तो भर उन्हात टपरीवर बर्फाचा गोळा खायचा आणि तसाच गाडीत बसायचा.

गिऱ्हाइकं दोघांनाही चमत्कारिक मिळायची. एका अपक्षाला खाट हे चिन्ह मिळालं होतं. तो म्हणाला, "उत्तमराव, फक्त माझ्या सासुरवाडीत फिरवा गाडी. बाकी मतदारसंघात नाही फिरली तरी चालंल." दिवसभर त्या एका गावात मी "खाट, खाट, खाट" करत फिरलो. सासरा दारात उभा राहून प्रत्येक फेरीला हात जोडायचा, पुरे करा म्हणून. दुसऱ्या एका उमेदवाराला दर वाक्यात आपल्या वडलांचं नाव हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, लोक वडलांनाच मत देतील." तो म्हणाला, "देऊ द्या, ते वारलेत." मी हे किस्से आजवर अनेकांना सांगितले. लोक हसतात, आणि मग विचारतात, "धोंडीरामकडं पण असले किस्से असतील की!"

पण खरा जळफळाट त्याच्या गोड बोलण्याचा नव्हता. धोंडीराम ज्या गाडीत बसतो ती गाडी निवडून येते, असं तालुक्यात पसरलं होतं.

आमच्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास मला तोंडपाठ आहे. पूर्वेची कोरडी गावं एका बाजूला मत द्यायची, डांबरी रस्त्याकडची दुसऱ्या बाजूला, आणि निकाल लागायचा आमच्यासारख्या मधल्या गावांवर. देवखडकी आणि सावरदरा कधीही एका बाजूला गेली नाहीत. सावरदऱ्यानं जुन्या आमदारांना धरलं की देवखडकी विरोधात. आमच्या गावानं पाण्याच्या टाकीसाठी बाजू बदलली, तर त्यांनी आमच्यावर डोळा ठेवून उलट बाजू बदलली. एकदा आम्ही रस्त्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला. त्या वर्षी मी बंद दारांच्या गावातून, माझ्याच गावातून, "मतदान करा" असं ओरडत फिरलो आणि एका कुत्र्याशिवाय कुणी मागं आलं नाही. सावरदऱ्यानं त्याच वर्षी भरभरून मतदान केलं. रस्ता कुणाला मिळाला ते सांगायला नको.

या सगळ्यात धोंडीरामची गाडी जिंकत गेली आणि माझी हरत गेली. लोकांना वाटायचं, आवाजाचा गुण. मला कारण माहीत होतं. ज्या उमेदवाराची हवा आहे, तो आधी तयारीला लागतो, चांगला माणूस आधी धरतो. म्हणजे धोंडीरामला. ज्याला तिकीट शेवटच्या दिवशी मिळतं, ज्याच्यामागं कुणी नाही, तो गाडी शोधत फिरतो आणि त्याला मी मोकळा सापडतो. हे गणित मी पारावर कितीदा समजावलं. ऐकून लोक म्हणायचे, "म्हंजी चांगला मानूस धोंडीरामच की, तुमीच म्हनताय."

निकालाच्या दिवशी मतमोजणी केंद्राबाहेर मी त्याच्या अंगावर गुलाल पाहिला आहे, दर वेळी. तो गुलाल माझ्याही कपाळाला लावायचा. मी घरी येऊन कपाळ धुवायचो. माझी बायको मंदा विचारायची, "कोन आलं निवडून?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायची, "भावजी खूश असतील."

मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, लोकसंख्या बदलते म्हणून मधूनमधून विधानसभेच्या हद्दी नव्यानं आखतात. गावं एकेकटी हलवत नाहीत, महसूल मंडळाचा आख्खा गठ्ठा उचलतात. त्यामुळं तालुका एक आणि आमदार दुसरीकडचा, असं होतं. तिकडं पुणतांबा पाहा, तालुका राहाता आणि विधानसभेला कोपरगाव. आमच्या पाथर्डी तालुक्याचे तर दोन भाग झाले. पूर्वेचा भाग शेवगावबरोबर गेला, पश्चिमेची मंडळं राहुरीबरोबर. आमचा ओढा नेमका मंडळांच्या मधला. सावरदरा पूर्वेला राहिलं, देवखडकी पश्चिमेला गेलं.

गाव हळहळलं. तहसील पाथर्डीत, कोर्ट पाथर्डीत, बाजार पाथर्डीत, आणि आमदार मात्र डोंगर उतरून पार तिकडं, ज्याला आमची वाडी कुठं आहे ते विचारावं लागणार. सावरदऱ्याचा आमदार त्यांच्या लग्नाला येणार, दहाव्याला येणार. आमची माणसं ओढ्यापलीकडं बघून सुस्कारे टाकू लागली. "त्यांच्याकडं सभामंडप आला. त्यांच्याकडं दिवे आले." आख्ख्या गावाला सावरदऱ्याचा हेवा वाटू लागला, तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटा होतो.

आणि मला आणखी एका कारणानं बरं वाटलं. आता धोंडीराम त्या मतदारसंघात आणि मी या. त्याच्या उमेदवाराविरुद्ध मी नाही, माझ्याविरुद्ध तो नाही. तुलना संपली. मी मंदाला म्हणालो, "सुटलो." ती म्हणाली, "कशातनं?"

पहिल्याच निवडणुकीला काय झालं ते सांगतो. ओढ्यावर फरशी पूल आहे. मी आमच्या काठावर गाडी उभी करून देवखडकीच्या खालच्या वस्तीला हाक देत होतो. पलीकडच्या काठावर धोंडीरामची गाडी आली. दोघांचे कर्णे समोरासमोर. माझ्या उमेदवाराच्या विरोधकानं तक्रार केली की याचा आवाज हद्दीबाहेर जातो. भरारी पथक आलं. पथकातल्या साहेबांनी पुलाच्या मध्यावर उभं राहून विचारलं, "नक्की हद्द कुठं आहे?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही उभे आहात तिथंच."

साहेबांनी पायाखाली पाहिलं. खाली पाणी नव्हतं, दगड आणि बाभळी होत्या. ते म्हणाले, "दोघांनी ओढ्याकडचे कर्णे उलटे फिरवा. तुमचं तोंड तुमच्या गावाकडं, यांचं यांच्या गावाकडं." माझा ड्रायव्हर सलीम यानं टपावर चढून ओढ्याकडचा कर्णा फिरवला. धोंडीरामनंही फिरवला. पथक गेलं.

आता मला सांगा, कर्णा फिरवल्यानं आवाज थांबतो का? माझा थांबला. धोंडीरामचा वारा घेऊन आमच्या गावात येतच राहिला. तो जोर लावायचा नाही, तरी यायचा. आमच्या बायका दळण निवडताना त्याच्या उमेदवाराचं चिन्ह ऐकत होत्या, जो उमेदवार आमच्या मशीनवर असणारच नव्हता.

मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेतल्या केंद्रातून माझी म्हातारी चुलती गंगूबाई तणतणत बाहेर आली. मी बाहेर कडूनिंबाखाली उभा होतो.

"आरं उत्तम, मशीन फसवंगिरी करतंय."

"काय झालं, काकू?"

"त्यो धोंडीराम सांगत हुता त्ये चिन्नच न्हाई तिथं! वरपासनं खालपतुर बघितलं."

"काकू, ते त्यांच्या गावाला. आपल्याला वेगळं हाय. मी सांगत हुतो की पंधरा दिवस!"

"तू कवा सांगितलं?" म्हातारी म्हणाली. तिनं मत दिलं होतं, पण कुणाला ते तिलाही सांगता येईना.

मी हसून सगळ्यांना तो किस्सा सांगितला. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही. कायद्यानं हद्द आखली, साहेबांनी पुलावर उभं राहून ती दाखवली, आणि माझ्या गावातल्या माझ्या चुलतीच्या कानात तरी तोच.

पुढं गुडघ्यांनी मला सतावलं, तरी मी दोन-तीन निवडणुका काढल्या. मग आली गेल्या वेळची विधानसभा. ती दिवाळीनंतर आली, ऊसतोडीच्या हंगामातच. त्याबद्दल पुढं सांगतो. प्रचार कार्यालयात मला बोलावलं. तिथं एक तरुण गृहस्थ होते, त्यांना सगळे पाटील म्हणत. पाटलांनी माझ्या हातात पेन ड्राइव्ह दिला.

"काका, आता गाडीत बोलायचं नाही. हे लावायचं. स्टुडिओत रेकॉर्ड केलंय, म्युझिकसकट. तुम्ही फक्त गावाचं नाव सांगायचं आणि बटण दाबायचं."

"मग मी कशाला?" मी विचारलं.

"गावाची नावं चुकू नयेत म्हणून," पाटील म्हणाले. माणूस चांगला होता, त्यानं चहाही पाजला.

सलीमनं गाडी काढली. मी माइकवर म्हटलं, "देवखडकीच्या बंधू-भगिनींनो." बटण दाबलं. ढोल वाजला, सनई वाजली आणि मग आवाज आला.

"मावश्यांनो, धुनं जरा बाजूला ठेवा."

सलीमनं ब्रेक दाबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच समोर पाहिलं. तोही वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, त्याला सगळं ठाऊक आहे.

"चाचा," तो म्हणाला, "बंद करू?"

"पगार घेतोय," मी म्हटलं, "चालू दे."

त्या संध्याकाळी मी धोंडीरामला फोन केला. "तू आमच्या उमेदवाराचं रेकॉर्डिंग केलंस?"

"कुनाकुनाचं केलं ते मला ध्यानातच न्हाई," तो म्हणाला. "नगरच्या स्टुडिओवाल्यानं बोलावलं, पाच-सहा कागद दिले, वाचले. तुझ्या गाडीत लागलंय व्हय? चांगलं लागतंय का? ढोल जरा जास्तच ठेवलाय त्यांनी." त्याला त्यात काहीच वाटलं नव्हतं. तो स्वतः पूर्वेच्या मतदारसंघात नेहमीसारखा गाडीत बसत होता, जिवंत बोलत होता. म्हणजे ओढ्यापलीकडं तो आणि ओढ्याअलीकडंही तोच. मधे मी, गावाचं नाव सांगायला.

असे आठ-दहा दिवस गेले. मी माझ्याच कर्ण्याखाली बसून त्याचं ऐकत होतो. लहान मुलं गाडीमागं पळत ते म्हणायची. मंदानं एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ती बाहेर आली. मला गाडीत बसलेला पाहून परत आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी फार मऊ बोलली. त्याचाच मला जास्त राग आला.

आता ऊसतोडीचं. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून ऊस तोडायला जातात. कोणी पश्चिमेला, कोणी कर्नाटकात, बरीचशी आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या पट्ट्यात. मतदारसंघाची हद्द कागदावर, आणि मतदार दीडशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत. कोपी म्हणजे त्यांची झोपडी. मतदानाला ती माणसं आली तर आमच्या गावात निकाल एक, नाही आली तर दुसरा. पाटील म्हणाले, "काका, संगमनेरच्या बाजूला आपल्या गावची टोळी आहे. जाऊन हाक द्या. तुमच्या ओळखीची माणसं आहेत."

परवान्याचा कागद तिथं चालत नाही. म्हणून सलीमनं झेंडे काढले, कर्ण्यांना पोती बांधली आणि आम्ही दुपारी निघालो. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि तिनं मला फार दिवसांनी उत्साह आला होता. तिथं कर्णा नाही, पेन ड्राइव्ह नाही. तिथं माझं तोंड आणि लोकांचे कान.

टोळी नदीजवळच्या एका पडीक रानात उतरली होती. उन्हं कलली होती, माणसं फडातून परत आली होती, बायका चुली पेटवत होत्या. मुकादम पुढं आला. त्याच्या मागून धोंडीराम आला. पूर्वेच्या उमेदवारानं त्यालाही त्याच कामाला पाठवलं होतं.

"उत्तम!" तो ओरडला, एवढा खूश झाला की जणू मी त्याच्या मुलीच्या लग्नाला आलो होतो. "बरं झालं आलास. ही टोळी दोन्ही गावची हाय. कोन कुठला ते मला एकट्याला उमगंना."

खरंच गोंधळ होता. कोपी एकच आणि मतदारसंघ दोन. एका जोडप्यात नवऱ्याचं मत देवखडकीत आणि बायकोचं नाव अजून माहेरी, सावरदऱ्याच्या यादीत. ती म्हणाली, "आमी काय दोन आमदार करायचे व्हय?" आम्ही दोघांनी बसून माणसं वेगळी केली, टायरगाडीच्या या बाजूला माझी, त्या बाजूला त्याची. मग बोलायची वेळ आली.

मी आधी बोललो. मोकळं रान, वारा पडलेला. मी छाती भरून बोललो, वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलासारखं, एकेक शब्द स्पष्ट. मत म्हणजे काय, एका मतानं काय होतं, आपल्या गावाला मागच्या वेळी का काही मिळालं नाही. माणसं ऐकत होती. पण ती थोडी थोडी मागं सरकत होती, जसं मोठ्या आवाजापासून माणूस सरकतो.

धोंडीराम हळू बोलला. इतकं हळू की मला वाटलं, वयानं त्याचा आवाज गेला. माणसं ऐकू यावं म्हणून पुढं सरकली. त्याची माणसं सरकली, मग माझीही टायरगाडीला वळसा घालून तिकडं गेली. तो म्हणत होता, "एक दिवसाची हजेरी बुडंल, मला ठावं हाय. पर गावात आपलं दार बंद हाय. मतदानाला गेलं तर तेवढंच उघडंल. घर झाडून बी व्हईल." बायका हसल्या.

मुकादमाला माणसं पाठवायची नव्हती, तोड मागं पडते म्हणून. माझ्या गावची सिंधूबाई टोळीत वडीलधारी. बाकीच्या बायका तिच्याकडं बघून ठरवणार हे उघड होतं. ती कोयता बाजूला ठेवून उठली आणि सरळ माझ्यापुढं आली.

"दाजी, एक इचारू? आमी गावातनं निगालो त्या दिशी तुमची गाडी फिरत हुती. त्यो गाडीतला आवाज तुमचाच ना?"

मी सलीमकडं पाहिलं.

"लई ग्वाड वाटला," ती म्हणाली. "टरकात बसलो तरी ऐकू येत हुता. घरचं कुनी मागारी बोलावतंय असं वाटलं. मला रडूच आलं. तुमीच बोलला ना त्ये?"

सगळी टोळी माझ्याकडं बघत होती. धोंडीराम माझ्यापासून एका हातावर. मला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही'ही म्हणता येईना. 'नाही, तो आवाज याचा' हे चार शब्द, चालत्या गाडीतूनही नीट पोचतील असे. ते माझ्या घशातून निघेनात.

"त्यांचाच त्यो," धोंडीराम म्हणाला. "आमच्या साऱ्या भागात उत्तमचा आवाज हाय तो हाय. तुमच्याच गावचा मानूस, तुमी वळखला न्हाई व्हय?"

सिंधूबाई म्हणाली, "मग येतो आमी. तुमी बोलावताय तर येतो." ती मुकादमाकडं वळली आणि त्याच्याशी असं काही बोलली की तो गुपचूप ट्रकवाल्याला फोन लावायला गेला.

परत येताना आम्ही नाशिक-पुणे रस्त्यावर चहाला थांबलो. सलीम आणि धोंडीरामचा ड्रायव्हर एका बाकावर, आम्ही दोघं दुसऱ्या. मला राहवेना.

"तसं का बोललास?"

"कसं?"

"माझा आवाज म्हणून."

धोंडीरामनं बशीत चहा ओतला. "अरे, ती बाई इचारत हुती आन् तू गप. मला वाटलं, तुझा घसा बसला. एवढं वरडून बोललास मघाशी. म्हनून मी सांगून टाकलं." मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. "हे घे, ज्येष्ठमध हाय. हल्ली मी बी चघळतो. तुझंच बघून."

त्याच्या चेहऱ्याकडं मी नीट पाहिलं. काही लपवलेलं आहे का, उपकार केल्याचा भाव आहे का, थट्टा आहे का. काही नव्हतं. तो चहा पीत होता. मी इतकी वर्षं ज्याच्याशी शर्यत लावली होती, त्याला शर्यत चालू आहे याचा पत्ताच नव्हता. मी हरलो तेव्हाही त्याला कळलं नव्हतं, मी सुटलो असं म्हणालो तेव्हाही नाही. हे मला त्या बाकावर कळलं.

सिंधूबाईची टोळी मतदानाला आली. मी शाळेसमोर उभा होतो. ती रांगेतून हात हलवून "आलो, दाजी!" म्हणाली. आजूबाजूच्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं आणि ते माझं नव्हतं.

निकाल लागला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ज्या गाडीत बसलो ती गाडी निवडून आली. देवखडकीनं चांगली आघाडी दिली होती. मतमोजणी केंद्राबाहेर पाटलांनी माझ्या अंगावर गुलाल टाकला आणि कार्यकर्त्यांनी गाडी सजवली, आणि त्या गाडीतून धोंडीरामचा आवाज गावभर विजयाची बातमी सांगत फिरला, कारण स्टुडिओत तेही आधीच करून ठेवलं होतं.

आणि पूर्वेला धोंडीरामचा उमेदवार पडला. तो ज्या गाडीत स्वतः बसला होता, ती पहिल्यांदा हरली.

मी खरं तेच लिहितो. माझ्या जिंकण्यापेक्षा ती बातमी मला जास्त गोड लागली. घरी आलो, गुलाल धुतला नाही. मंदा भाकरी करत होती. मी ओट्याशेजारी पाट टाकून बसलो आणि धोंडीरामला फोन लावला. हरलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला पाठ आहे. तो खाली बसतो, शब्दांच्या शेवटी हवा उरत नाही. धोंडीरामचा तसा आवाज ऐकायची मी आयुष्यभर वाट पाहिली होती.

"हॅलो, उत्तम!" तो म्हणाला. "आरं, काय झालं सांगू? आमचे साहेब सकाळपासून हार घालूनच बसले हुते. आन् पयली फेरी झाली..." आणि तो सांगू लागला. साहेबांनी हार कसा काढला, मग परत कसा घातला, मग तो कुठं ठेवावा ते कळेना म्हणून ड्रायव्हरच्या गळ्यात कसा घातला, आणि ड्रायव्हरलाच लोकांनी निवडून आलेला समजून खांद्यावर कसं घेतलं. कुठंही आवाज खाली बसला नव्हता. पडल्याची गोष्ट तो अशी सांगत होता की पुढं काय झालं ते कळल्याशिवाय फोन ठेवणं शक्य नव्हतं.

मंदानं तवा उतरवला. "कोन बोलतंय एवढं?"

मी फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन आमच्या दोघांच्या मधे ठेवला. ती पदराला हात पुसत जवळ येऊन बसली.